धानावरचा कडा करपा ग्लासभर पाण्यात कसा ओळखावा, आणि पान त्याच्याशी कसं लढतं

पोळ्याच्या आसपास झड लागते, वारा सुटतो आणि धानाची पानं शेंड्याकडून कडेकडेनं पिवळी पडत वाळायला लागतात. वाळल्या भागाची किनार नागमोडी असते. भंडारा-गोंदियाकडं अशा वेळी पहिला हात पंपाकडं जातो. जरा थांबा. कडा करपा हा जिवाणूचा रोग, आणि बुरशीची बहुतेक औषधं जिवाणूवर चालत नाहीत, म्हणून आधी रोग कोणता ते बघा.

काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या. पिवळा आणि हिरवा भाग जिथं भेटतो तिथं पान कापा, कापलेलं टोक पाण्यात बुडवा आणि ग्लास उजेडाकडं धरा. काही मिनिटांत कापातून दुधाळ, धुरासारखी धार खाली उतरली तर समजा कडा करपा. ती धार म्हणजे झॅन्थोमोनास जातीचे असंख्य जिवाणू आणि त्यांचा चिकट स्राव. रोवणीनंतर अख्खं रोपच सुकलं असेल, तर मधला पोंगा ओढून बघा. सहज हातात आला तर खोडकिडा. नाही आला तर रोप बुडाशी कापून दाबा, करप्यात पिवळट चिकट थेंब येतो.

आता जिवाणू आत कुठून गेला ते शोधा. सकाळी पानाच्या कडेला दिसणारे सगळेच थेंब दवाचे नसतात. बरेचसे पानानंच कडेच्या बारीक छिद्रांतून बाहेर टाकलेले असतात, आणि तीच जिवाणूची दारं. दुसरं दार आपण उघडतो: रोवणीआधी पऱ्ह्यांचे शेंडे छाटून.

आत गेल्यावरची लढाई डोळ्यांना दिसत नाही. झाडात आपल्यासारख्या रक्तातून फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी नसतात, प्रत्येक पेशीला आपली राखण आपणच करावी लागते. पेशीच्या आवरणावरची काही प्रथिनं जिवाणूच्या खुणा ओळखतात. त्याच्या शेपटीच्या प्रथिनातला अवघा 22 अमिनो आम्लांचा तुकडासुद्धा त्यासाठी पुरतो. ओळख पटली की पेशीत कॅल्शियम शिरतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, भिंत जाड होऊ लागते.

जिवाणूही कच्चा नाही. सुईसारख्या नळीतून तो आपली प्रथिनं पेशीत सोडतो. त्यातलं एखादं थेट डीएनएवर नेमक्या जागी बसतं आणि साखर बाहेर सोडणारं धानाचंच जनुक चालू करतं. घरधन्याच्याच हातून कोठीचं कुलूप काढून घ्यावं, तसं. काही धानांत या जनुकाच्या सुरुवातीला लागून असलेला डीएनए थोडा वेगळा असतो. तिथं ते प्रथिन बसतच नाही. अशा वाणाचा बचाव नव्या हत्यारानं होत नाही, चोराची किल्ली लागत नाही एवढंच! मला या सगळ्यात हेच सर्वांत भारी वाटतं.

त्या बदललेल्या जनुकाचं नाव एक्सए-13. एक्सए-21 हे करप्याला रोखणारं दुसरं जनुक आफ्रिकेतल्या जंगली धानातून आलं. ते 1995 साली वेगळं काढलं गेलं, पण जिवाणूचा कोणता तुकडा ते ओळखतं हे कळायला 2015 उजाडलं. एक्सए-5 धरून ही तिन्ही जनुकं हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी संकरातून सांबा मसुरीत आणली आणि 2008 मध्ये सुधारित सांबा मसुरी हा वाण आला. एका जनुकाला जिवाणू कधी ना कधी चकवतो, तिघांना एकदम चकवणं त्याला जड जातं. म्हणून बियाणं घेताना नुसतं 'रोगाला टिकतं' यावर भागवू नका, कोणत्या रोगाला ते विचारा.

उभ्या पिकात रोग दिसला की युरिया थांबवा. पीक पिवळं दिसतंय म्हणून वरून आणखी युरिया फेकणारे प्रत्येक गावात असतात, आणि करपा तिथंच फोफावतो. बांधीतलं पाणी काढा, पण शेजारच्या बांधीत सोडू नका. पानं ओली असताना आत फिरू नका. रोगट बांधीतलं धान बियाण्याला ठेवू नका.

आणि हो, तपासणीच्या ग्लासातलं पाणी धुऱ्यावरून बांधीत ओतू नका. त्यात जिवंत जिवाणू असतात. लांब, कोरड्या जागी टाका.