गर्भनिरोधक गोळ्या सुरू असतानाही कंडोम कसा आणि का वापरावा

गर्भनिरोधक गोळी गर्भधारणा टाळते, परंतु एचआयव्ही, गोनोरिया, क्लॅमिडिया किंवा सिफिलिस यांपैकी एकाही संसर्गाला ती अडवू शकत नाही. कंडोम हे संसर्ग बऱ्याच अंशी रोखतो, मात्र गर्भधारणा टाळण्याच्या बाबतीत गोळीइतका खात्रीचा नाही. गोळ्या एकही न चुकवता घेतल्या, तर वर्षभरात १०० स्त्रियांमागे एकीपेक्षाही कमी स्त्रियांना दिवस जातात. पण रोजच्या धावपळीत गोळ्या राहून जातात आणि प्रत्यक्षात हे प्रमाण सुमारे ७ पर्यंत पोहोचते. केवळ कंडोमवर विसंबणाऱ्या जोडप्यांमध्ये ते सुमारे १३ आहे. दोन्ही साधने एकत्र वापरली की एकाची उणीव दुसरे भरून काढते.

सुरुवात डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी, कारण सगळ्या गोळ्या सगळ्यांना चालत नाहीत. ३५ वर्षांवरील धूम्रपान करणाऱ्या, उच्च रक्तदाब असलेल्या, पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या किंवा डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी उठणाऱ्या स्त्रियांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन ही दोन्ही संप्रेरके (हार्मोन्स) असलेली मिश्र गोळी सहसा दिली जात नाही; त्यांच्यासाठी अन्य पर्याय असतात. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि अपस्मारावरील फेनिटॉइन, कार्बामॅझेपीन यांसारखी औषधे गोळीचा प्रभाव कमी करतात, म्हणून सुरू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना न विसरता सांगावीत.

मिश्र गोळी पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या ५ दिवसांत सुरू केली, तर तिचे संरक्षण लगेच मिळते. त्यानंतर सुरू केल्यास सलग ७ दिवस गोळ्या घेऊन होईपर्यंत गर्भधारणा टाळण्याची सारी भिस्त कंडोमवरच असते. केवळ प्रोजेस्टोजेन असलेल्या गोळ्यांसाठी हा अवधी प्रकारानुसार बदलतो, त्यामुळे पाकिटातील माहितीपत्रक वाचावे. कंडोम रोजच वापरायचा असेल तर हे दिवस कशाला मोजायचे, असे वाटू शकते. तरीही ते मोजावेत, कारण एखाद्या वेळी कंडोम फाटला तर त्या क्षणी गोळीचे संरक्षण होते की नव्हते, यावरच पुढचा निर्णय अवलंबून असतो.

गोळीची वेळ एखाद्या नेमाच्या कामाशी जोडावी; रात्री दात घासण्याची वेळ सोयीची ठरते. मिश्र गोळी एकच राहिली असेल, तर आठवताच ती घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी, मग एका दिवसात दोन गोळ्या झाल्या तरी चालते. दोन किंवा अधिक राहिल्या असतील, तर राहिलेल्यांपैकी सर्वांत अलीकडची तेवढी घ्यावी, आधीच्या सोडून द्याव्यात, आणि सलग ७ दिवस गोळ्या घेऊन होईपर्यंत कंडोमशिवाय संबंध ठेवू नयेत. ही चूक संप्रेरक असलेल्या गोळ्यांच्या शेवटच्या आठवड्यात झाली, तर त्या गोळ्या संपवून दोन पाकिटांमधला ७ दिवसांचा खंड किंवा संप्रेरक नसलेल्या गोळ्या वगळून थेट नवे पाकीट सुरू करावे. पहिल्या आठवड्यातील चूक अधिक जोखमीची असते, कारण गोळ्यांविना गेलेला काळ त्यामुळे आणखी लांबतो. प्रोजेस्टोजेनच्या काही गोळ्यांना केवळ ३ तासांचा उशीरही चालत नाही. गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात उलटी झाली, तर ती पोटात राहिली नाही असे समजून दुसरी घ्यावी. उलट्या-जुलाब दोन दिवसांहून अधिक टिकले, तर गोळ्या चुकल्याप्रमाणेच सावधगिरी बाळगावी.

आता कंडोमविषयी. पाकिटावरील अंतिम तारीख पाहावी आणि बोटांनी दाबून आत हवा आहे याची खात्री करावी. हवा नसेल तर पाकिटाला कुठेतरी छिद्र पडलेले असते. पाकीट बोटांनीच फाडावे, दात किंवा कात्री लावू नये. लिंग ताठर झाल्यावर आणि जोडीदाराच्या शरीराशी त्याचा संपर्क येण्याआधीच कंडोम चढवावा. वीर्यपतनाच्या जरा आधी चढवण्याची सवय संसर्गाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी आहे. टोक चिमटीत धरून हवा काढावी आणि कंडोम मुळापर्यंत उलगडावा. तो उलगडत नसेल, तर उलटा धरला गेला आहे असे समजावे आणि पालथा करून पुन्हा न वापरता टाकून द्यावा, कारण बाहेरच्या बाजूला स्राव लागलेला असू शकतो. वंगण हवे असल्यास पाण्याचे किंवा सिलिकॉनचे वापरावे. तेल, व्हॅसलीन किंवा क्रीम यांमुळे लॅटेक्स काही मिनिटांतच कमकुवत होते. एकावर एक दोन कंडोम घालू नयेत, कारण घर्षणाने ते फाटतात. वीर्यपतनानंतर लिंग ताठर असतानाच कडा मुळाशी धरून बाहेर यावे. कंडोम कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावा आणि प्रत्येक संबंधासाठी नवा घ्यावा. लॅटेक्सने खाज किंवा पुरळ येत असेल, तर पॉलियुरेथेनचे कंडोम मिळतात.

कंडोममुळे सिफिलिस, जननेंद्रियांवरील नागीण (हर्पीस) आणि एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरू शकणारा विषाणू) यांचा धोका कमी होतो, पण टळत नाही, कारण हे संसर्ग झाकल्या न गेलेल्या त्वचेच्या स्पर्शानेही पसरतात. म्हणून एचपीव्ही आणि हिपॅटायटिस बी यांच्या लसींबाबत डॉक्टरांना अवश्य विचारावे.

कंडोम फाटला किंवा निसटला आणि गोळ्या नियमित सुरू असतील, तर गर्भधारणेची भीती फारशी नसते. गोळ्या चुकल्या असतील, तर तातडीच्या गर्भनिरोधक गोळीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. ती जितकी लवकर घ्यावी तितकी परिणामकारक ठरते. जोडीदाराला एचआयव्ही असण्याची शक्यता असल्यास प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, त्यामुळे संकोचापायी एक रात्रही दवडू नये.

‘तू गोळ्या घेतेस ना, मग हे कशाला?’ हा प्रश्न अनेकींना ऐकावा लागतो. त्याचे उत्तर संबंधाच्या क्षणी नव्हे, तर आधीच, निवांत वेळी द्यावे. क्लॅमिडियासारख्या आजारात बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही, आणि उपचार न झाल्यास तो स्त्रीच्या गर्भनलिकांना इजा करून वंध्यत्वाला कारण ठरू शकतो. म्हणजेच प्रश्न जोडीदाराच्या प्रामाणिकपणाचा नसून, ज्याची त्यालाही कल्पना नसेल अशा संसर्गाचा आहे. इतके सांगूनही तो कंडोम नाकारत असेल, तर संबंधाला नकार देण्याचा पूर्ण अधिकार स्त्रीला आहे.

कंडोम थांबवायचा असल्यास दोघांनीही एचआयव्हीसह सर्व लैंगिक संसर्गांच्या तपासण्या कराव्यात. संसर्ग झाल्यावर काही आठवडे तपासणीत तो दिसत नाही, म्हणून शेवटच्या जोखमीच्या संबंधाला ३ महिने झाल्यावर पुन्हा तपासावे आणि दोघांचेही अहवाल हाती येईपर्यंत कंडोम चालूच ठेवावा.