रग्बी लीग: खेळाडूचा प्रशिक्षक होताना

रग्बी लीगमध्ये, म्हणजे तेरा जणांच्या रग्बीत, कारकीर्द कधी संपवायची हे बहुतेक वेळा खांदा, गुडघा किंवा डोकं ठरवतं; खेळाडूला फारसं विचारलं जात नाही. म्हणून प्रशिक्षक व्हायचं मनात असेल तर निवृत्तीची वाट पाहू नका. शेवटचे दोन हंगाम खेळता खेळताच तयारीला लागा. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी क्लब तुम्हाला तुमच्या नावावर बोलावतो. दुसऱ्या वर्षी तुम्हाला काय शिकवता येतं ते पाहतो.

अडचण अशी की खेळाडूला खेळ कळतो तो फक्त आपल्या जागेपुरता. दहा वर्षं प्रॉप (मधोमध टक्कर घेणारा धिप्पाड खेळाडू) म्हणून खेळलेल्याला मधल्या गर्दीतली प्रत्येक चलाखी ठाऊक असते, पण विंगरने आत कधी यायचं आणि कडेला कधी थांबायचं हे विचारलं की तो गडबडतो. यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच लागू पडतो. एका सामन्याचं चित्रण घ्या आणि ८० मिनिटं एकाच जर्सीवर नजर ठेवा. आधी ९ नंबर, म्हणजे हूकर, जो टॅकलनंतर मागे आलेला चेंडू उचलून पास देतो. चेंडू उचलण्याआधी तो कुठे बघतो, कोणत्या टॅकलनंतर (चेंडूवाल्याला धरून अडवल्यानंतर) स्वतः पळतो, दमला की त्याचा पास उंच जातो की मागे पडतो, हे लिहून काढा. मग ७, मग ६ (हे दोघे हाफ), मग सगळ्यात मागे उभ्या फुलबॅकचा १. या चौघांना मिळून ‘स्पाइन’ म्हणतात आणि आक्रमणाचे जवळपास सगळे निर्णय तेच घेतात. चेंडूवर नजर ठेवून सामना पाहिला तर यातलं काहीच दिसत नाही.

मोजायला शिका

हातात चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकलचा एक सेट मिळतो, मग चेंडू समोरच्यांकडे जातो. वहीत प्रत्येक सेटसाठी चार रकाने करा: कुठून सुरू झाला, कितव्या टॅकलला चेंडू गेला, शेवट कसा झाला आणि कुठे झाला. ३८ पैकी ३० सेट पूर्ण झाले, म्हणजे मध्येच चेंडू न गमावता शेवटपर्यंत गेले, तर कम्प्लिशन सुमारे ७९ टक्के. आकडा चांगलाच आहे, पण त्यावर भाळू नका. प्रत्येक वेळी आपल्याच ३० मीटर रेषेजवळून किक मारणारा संघसुद्धा कागदावर सेट ‘पूर्ण’ करत असतो. आमच्या मते चौथा रकाना, म्हणजे सेट कुठे संपला, हाच सगळ्यात बोलका.

दुसरं मोजमाप प्ले-द-बॉलच्या वेगाचं, म्हणजे टॅकल झालेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सरकवतो त्याचं. पंचाने ‘हेल्ड’ (टॅकल पूर्ण) म्हटल्यापासून चेंडू पायाने मागे सरकेपर्यंतचा वेळ स्टॉपवॉचवर घ्या. तीन सेकंदांच्या आत चेंडू सुटला तर बचाव करणारे अजून दहा मीटर मागे सरकतच असतात आणि त्यांची रेषा जुळलेली नसते. चार सेकंदांवर गेला तर त्यांना श्वास घ्यायला आणि रांग लावायला वेळ मिळतो. टॅकलमधली सगळी कुस्ती या एका सेकंदासाठी चालते. ती हाताबाहेर जाऊ लागली, तेव्हा २०२० मध्ये एनआरएलने (ऑस्ट्रेलियातली मुख्य व्यावसायिक लीग) रकमधल्या, म्हणजे प्ले-द-बॉलच्या जागेवरच्या, अडवणुकीसाठी पेनल्टीऐवजी पुन्हा सहा टॅकल देण्याचा नियम आणला. त्यामुळे जुन्या सामन्यांचे आकडे आजच्या आकड्यांशेजारी ठेवताना सांभाळा.

कागदपत्रं आधी

इंग्लंडमध्ये प्रशिक्षकांचे अभ्यासक्रम तिथली लीगची संघटना आरएफएल चालवते, ऑस्ट्रेलियात एनआरएल. पायऱ्या दोन्हीकडे साधारण सारख्याच: आधी मुलांचा गट, मग प्रौढांचा क्लब, मग उच्च पातळी. कितीही मोठं नाव असलं तरी खालच्या पायरीपासून चढा, कारण गट कसा हाताळायचा हे तिथेच शिकवतात. मुलांबरोबर काम करण्यासाठी पार्श्वभूमीची तपासणी लागते: इंग्लंडमध्ये डीबीएस, न्यू साऊथ वेल्समध्ये वर्किंग विथ चिल्ड्रन चेक, क्वीन्सलँडमध्ये ब्लू कार्ड. हा अर्ज सगळ्यात आधी टाका. कागद हातात आल्याशिवाय मुलांसमोर उभं राहता येत नाही, आणि अर्ज अडकला की हंगामाची सुरुवात हुकते. प्रथमोपचार आणि डोक्याच्या मारासंबंधीचं प्रशिक्षण त्याबरोबरच उरकून घ्या.

पहिला संघ कोणता?

कालपर्यंत ज्यांच्या शेजारी खेळलात त्यांचा संघ नको. मित्राला वगळायची वेळ दुसऱ्याच आठवड्यात येते. १४-१५ वर्षांच्या मुलांचा किंवा खालच्या फळीतला संघ घ्या.

वरच्या पातळीवरचे रस्तेही बहुधा असेच आडवळणाचे आहेत. इंग्लंडच्या सॅम बर्जेसने २०१४ मध्ये एनआरएलमधल्या साउथ सिडनीकडून गालाचं हाड मोडलेलं असताना अंतिम सामना खेळून काढला. तरी प्रशिक्षक म्हणून त्याने सुरुवात केली ती न्यू साऊथ वेल्सच्या ऑरारा व्हॅली या ग्रामीण क्लबपासून. इंग्लंडमधला वॉरिंग्टन हा मोठा क्लब त्यानंतर आला. क्रेग बेलमी कॅनबेराकडून खेळला, ब्रिस्बेनला प्रशिक्षक वेन बेनेटच्या हाताखाली सहायक राहिला आणि २००३ पासून मेलबर्न स्टॉर्म त्याच्याकडे आलं. ट्रेंट रॉबिन्सनचे पहिल्या श्रेणीतले सामने हाताच्या बोटांवर मोजता येतील. पण फ्रान्समधल्या कॅटलान्सला दोन हंगाम सांभाळून तो सिडनी रूस्टर्सला आला आणि पहिल्याच वर्षी, २०१३ मध्ये, विजेतेपद मिळवलं. इंग्लंडमधल्या विगन क्लबचा मॅट पीट तर व्यावसायिक सामना खेळलेलाच नाही, तरी २०२३ आणि २०२४ चे ग्रँड फायनल त्याच्या संघाने जिंकले. मोठ्या नावाने दार लवकर उघडतं, इतकाच त्याचा उपयोग.

मंगळवारचा सराव

मुलं १८, वेळ ७५ मिनिटं. सामान: चेंडू ९, कोन २०, टॅकल शील्ड ६.

पहिली १० मिनिटं चेंडू हातात घेऊनच शरीर गरम करायचं. मैदानाला नुसत्या फेऱ्या नकोत. पुढची १५ मिनिटं टॅकल. मग १५ मिनिटं प्ले-द-बॉल आणि डमी हाफचा (मागे आलेला चेंडू उचलणाऱ्याचा) पास, तिघातिघांचे सहा गट, प्रत्येकाकडे एक चेंडू. त्यानंतर २० मिनिटं बचावरेषा, १० मिनिटं नुसत्या स्पर्शाचा खेळ आणि उरलेली ५ मिनिटं पाणी आणि बोलणं. पूर्ण ताकदीची टक्कर आठवड्यातून एकदाच, आणि सामन्याच्या दोन दिवस आधी तर अजिबात नाही.

टॅकल शिकवताना पायऱ्या गाळू नका. ५ बाय ५ मीटरचा चौकोन आखा. आधी दोघंही गुडघ्यांवर, मग टॅकल करणारा गुडघ्यावर आणि समोरचा चालत, मग दोघंही उभे, चालत, शेवटी पळत. डोकं समोरच्याच्या पाठीमागच्या बाजूला, कधीही त्याच्या वाटेत नाही. ज्या खांद्याने भिडायचं त्याच बाजूचा पाय समोरच्याच्या पायांजवळ पडला पाहिजे. नवशिक्यांचं चुकतं ते इथेच. पाय लांब राहिला की मुलगा हात पुढे टाकून झेपावतो, डोकं खाली जातं, आणि गुडघा किंवा कंबर थेट कपाळावर बसते. “खांदा लाव” असं कितीही ओरडलात तरी फरक पडत नाही. “पाय जवळ आण” म्हटलं की खांदा आपोआप जागेवर येतो. माजी खेळाडूची इथे हमखास चूक होते. तो पूर्ण वेगात करून दाखवतो, मुलं वाहवा म्हणतात, आणि पाय कुठे पडला ते कुणालाच दिसत नाही. निम्म्या वेगात, तीन वेळा, दोन्ही खांद्यांवर करून दाखवा.

बचावरेषेत प्ले-द-बॉलसमोर उभे राहणारे दोन खेळाडू म्हणजे मार्कर, एकामागे एक. त्यांच्या दोन्ही बाजूंना सगळ्यात जवळचा ‘ए’, मग ‘बी’, मग ‘सी’. आधी चेंडूशिवाय चालवा: सगळे दहा मीटर मागे, मग हाकेबरोबर एकत्र पुढे तीन पावलं. रेषा तुटते ती बहुधा ‘ए’ आणि ‘बी’ यांच्यामध्ये, कारण ‘ए’ डमी हाफच्या हालचालीवर आत वळतो आणि ‘बी’ आपल्या माणसावर बाहेर जातो. सराव थांबवा, दोघांना जागच्या जागी उभं करा आणि मधली फट पावलांनी मोजून दाखवा. वाक्य एकच: आतल्याने बाहेरच्याला हाक द्यायची. हाका तीनच ठेवा. आठवी हाक कुणी पाठ करत नाही, आणि दमलेल्या पोराला पहिलीही आठवत नाही.

सामन्याच्या दिवशी

व्यावसायिक संघात १३ मैदानात असतात, बाकीचे बाकावर. बदल आठ मिळतात. मुलांच्या स्पर्धांचे नियम वेगळे असतात, ते आयोजकांकडून लेखी घ्या. वगळलेल्या खेळाडूला यादी वाचण्याआधी बाजूला घेऊन सांगा, कारणासह, दोन वाक्यांत. मध्यंतरात पहिली तीन मिनिटं गप्प बसा. पोरं धापा टाकत असतात, कान बंद असतात. नंतर दोनच गोष्टी सांगा, त्यातली एक बचावाची.

डोक्याला मार लागल्याची शंका आली तरी खेळाडू बाहेर, त्या दिवशी परत नाही. व्यावसायिक सामन्यात तपासायला डॉक्टर असतो. तुमच्याकडे पाण्याच्या बाटल्या सांभाळणारा कुणाचा तरी बाप असतो.

दुसरा रस्ता: युनियन

लीगच्या बचावाच्या ज्ञानाला रग्बी युनियनमध्ये, म्हणजे रग्बीच्या दुसऱ्या प्रकारात, चांगला भाव आहे. विगनचा शॉन एडवर्ड्स इंग्लंडमधल्या वास्प्स या युनियन क्लबमध्ये बचावाचा प्रशिक्षक झाला, २००८ ते २०१९ वेल्सबरोबर राहिला आणि मग फ्रान्सकडे गेला. विगनचाच कर्णधार अँडी फॅरेल २०१९ च्या विश्वचषकानंतर आयर्लंडचा मुख्य प्रशिक्षक झाला.

सिडनीतल्या पॅरामटा किंवा पेनरिथच्या आसपास वाढणाऱ्या मराठी मुलांना शेजारीच लीगचा क्लब सापडतो. महाराष्ट्रात मात्र खेळली जाते ती युनियन, त्यातही सातजणांची जास्त. वरच्या टॅकलच्या पायऱ्या तिथे जशाच्या तशा चालतात, फक्त जमिनीवर पडल्यानंतरचं बदला. लीगमध्ये टॅकल करणारा पडलेल्याला क्षणभर दाबून ठेवतो आणि ते शिकवलंही जातं. युनियनमध्ये त्याने लगेच सोडून बाजूला व्हायचं असतं, नाहीतर पेनल्टी. म्हणून चौकोनातल्या प्रत्येक टॅकलनंतर ‘सोड, ऊठ, मग चेंडूला हात’ हे तीन टप्पे पहिल्या दिवसापासून जोडा. लीगची सवय एकदा हाताला बसली की मोडायला फार वेळ लागतो.