फ्रेंचच्या वहीत मराठी

फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या एका पुरवठादाराची बिलं माझ्या टेबलावर यायला लागली, तेव्हा मला फ्रेंचमधले ‘बोंझूर’ आणि ‘मेर्सी’ एवढे दोनच शब्द येत होते. माझ्या बऱ्याच मैत्रिणींनी अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलं होतं, मी संस्कृत. वय ३१, पुण्यात अकाउंट्समधली नोकरी आणि आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळचा क्लास, अशी माझी सुरुवात झाली. नऊ महिन्यांनी मी ए-वनची, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीची परीक्षा दिली. आज कुणी नव्याने सुरुवात करणारं भेटलं, की मी पहिल्यांदा एकच सांगते: वहीत अर्थ मराठीत लिहा.

मी पहिले दोन महिने तो इंग्रजीत लिहीत होते. वर्गात शिकवणं इंग्रजीतून, पुस्तकातल्या सूचना इंग्रजीत, त्यामुळे वेगळं काही सुचलंच नाही. मग ‘मला भूक लागलीय’ म्हणायची वेळ आली, की मी इंग्रजीवरून ‘झ स्वी फँ’ म्हणायचे. म्हणजे ‘मी भूक आहे’. बरोबर वाक्य आहे ‘झे फँ’, म्हणजे ‘माझ्याकडे भूक आहे’. फ्रेंचमध्ये भूक, तहान, भीती, थंडी ही माणसाजवळ असतात, माणूस स्वतः तसा ‘असत’ नाही. मराठीतही ही चारही नामंच आहेत: मला भूक लागते, मला भीती वाटते, मला थंडी वाजते. हे एका संध्याकाळी लक्षात आलं आणि त्या रात्री मी वही नव्याने लिहायला घेतली.

त्यानंतर साम्यं सापडतच गेली. ‘सा म प्ले’ म्हणजे ‘हे मला आवडतं’, शब्दाला शब्द. आवडणारी वस्तू कर्ता आणि आपण ‘मला’. ‘इल म फो’ म्हणजे ‘मला हवं, मला लागेल’. ‘त्यू’ आणि ‘व्हू’ म्हणजे आपले तू आणि तुम्ही. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा फरक वेगळा शिकावा लागतो, आपल्या तो अंगवळणी असतो. फक्त वापर थोडा निराळा आहे. आपल्याकडे अनेक घरांत आईला ‘अगं तू’ आणि बाबांना ‘अहो तुम्ही’ म्हणतात, तिथे सहसा दोघांनाही ‘त्यू’. उलट दुकानातल्या तरुण मुलाला मात्र ‘व्हू’. आणि दुकानात शिरल्यावर काहीही विचारण्याआधी ‘बोंझूर’ म्हणायचंच. ते न म्हणता थेट किंमत विचारणं तिकडे उद्धट समजतात.

लिंगाचा धसका सगळेच घेतात. मला वाटतं, मराठी माणसाने तो घेऊ नये. आपण तीन लिंगं सांभाळतो, फ्रेंचला दोनच आहेत. बाहेरून आलेल्या शब्दांनाही आपण न शिकवता लिंग देतो: ती बस, तो ट्रक, ते तिकीट. म्हणजे सवय आहे, उत्तरं तेवढी बदलतात. सूर्य तिकडेही पुल्लिंगी आहे, ‘ल सोलेय’. चंद्र मात्र स्त्रीलिंगी, ‘ला ल्यून’. पुस्तक ‘तो’, टेबल ‘ती’. म्हणून वहीत नुसतं ‘ल्यून’ कधीच लिहू नका, ‘ला ल्यून’ हा एकच शब्द आहे असं धरा. मी पुल्लिंगी शब्द निळ्या आणि स्त्रीलिंगी हिरव्या शाईने लिहायचे. परीक्षेत शब्दाचा रंग आठवायचा. विशेषणं तर आपल्यासारखीच बदलतात: पांढरा-पांढरी तसं ‘ब्लाँ-ब्लाँश’, छोटा-छोटी तसं ‘पती-पतीत’. पुल्लिंगात मुकं असलेलं शेवटचं व्यंजन स्त्रीलिंगात बोलायला लागतं, हे एकदा कानात बसलं की निम्मं काम होतं.

पुढे भूतकाळ आला तेव्हा मला खरा आनंद झाला. पुरुष ‘मी गेलो’ म्हणतो, बाई ‘मी गेले’. फ्रेंचमध्येही ‘जाणे’ या क्रियापदाचं भूतकाळी रूप कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं, पण फरक फक्त लिहिताना दिसतो, उच्चार तोच राहतो. आणि ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणताना ‘लिहिलेली’ हे रूप जसं चिठ्ठीच्या लिंगाप्रमाणे होतं, तसं तिकडेही कर्म क्रियापदाच्या आधी आलं की रूप कर्माप्रमाणे होतं: ‘ला लेत्र क झे एक्रीत’. हा नियम ए-वनला लागत नाही, पण पुढे लागेल तेव्हा तो ओळखीचा वाटेल.

उच्चारांचं तसं नाही. तिथे थोडं आपलं आहे, थोडं अगदी परकं. फ्रेंच ‘त’ आणि ‘द’ दातांवरचेच आहेत, त्यामुळे इंग्रजीच्या सवयीने ‘ट’ आणि ‘ड’ करू नका. अनुनासिक स्वरांत शेवटी ‘न’ येत नाही. ‘बों’ म्हणताना जीभ टाळूला लागता कामा नये, आवाज नाकातच विरला पाहिजे. कोकणातल्या जुन्या माणसांचं बोलणं ज्यांनी ऐकलंय, त्यांना हे चटकन जमतं. ‘बोंझूर’मधला ‘झ’ मात्र ना झाडाचा, ना झेंड्याचा. ‘श’ लांबवत म्हणा आणि तसाच घशाला कंप द्या, तो आवाज येईल. ‘त्यू’, ‘ल्यून’मध्ये मी जो स्वर ‘यू’ असा लिहितेय, त्यासाठी ‘ई’ म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल करा. ‘र’ घशातून येतो. तो जमायला मला चार महिने लागले आणि त्या चार महिन्यांत कुणाचंही काही अडलं नाही.

शब्द एकमेकांना जोडले जातात, तेव्हा नवशिक्याला काहीच कळेनासं होतं. ‘ले’ आणि ‘आमी’ मिळून ‘लेझामी’ होतं, मित्रमंडळी. मधला ‘झ’ (हा मात्र झाडाचा) एरवी मुका असतो, पुढे स्वर आला की जागा होतो. हा आपल्या संधीचाच भाऊबंद, फक्त उच्चारापुरता. म्हणून पहिल्या दिवसापासून वाक्य मोठ्याने वाचा, रोज १५ मिनिटं. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. टीव्ही-फाइव्ह-माँद या वाहिनीच्या संकेतस्थळावर ए-वनपासूनचे मोफत व्हिडिओ-सराव आहेत, मी तेच ऐकत बसने ऑफिसला जायचे.

सगळ्यात जास्त मला छळलं ते आकड्यांनी. ६९ पर्यंत सरळ रस्ता आहे. ७० म्हणजे ‘साठ-दहा’, ७५ म्हणजे ‘साठ-पंधरा’, ८० म्हणजे ‘चार-वीस’, ९७ म्हणजे ‘चार-वीस-सतरा’. आमची आजी शेंगा मोजताना ‘चार विसा’ म्हणायची. ते आठवल्यावर ८० पक्कं झालं. (बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये ७० आणि ९० साठी सुटे शब्द आहेत.) फ्रान्समध्ये फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्यांत सांगतात. ल्योंच्या पुरवठादाराकडच्या बाईंनी पहिल्यांदा नंबर सांगितला तेव्हा ‘साठ’ ऐकताच मी ६० लिहिलं, मग ‘पंधरा’ आलं म्हणून १५. एक जोडी जास्त झाली आणि नंबर लागेना. हिशेबाचं काम करणाऱ्यांनी आणखी एक जपावं: तिकडे स्वल्पविराम दशांश दाखवतो. ‘३,५०’ म्हणजे साडेतीन युरो.

परीक्षा द्यायची तर डेल्फ द्या. ती फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची आहे, प्रमाणपत्राला मुदत नसते आणि पुण्या-मुंबईत अलियान्स फ्रान्सेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत ती देता येते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ गुण. उत्तीर्ण व्हायला एकूण ५० आणि प्रत्येक भागात किमान ५. बोलण्याच्या भागात स्वतःची ओळख, मग चिठ्ठीवरच्या शब्दांवरून आपण प्रश्न विचारायचे, मग दुकानासारखा छोटा प्रसंग. नावाचं स्पेलिंग विचारतील. तिथे इंग्रजीतला ‘जी’ हा ‘झे’ होतो आणि ‘जे’ हा ‘झी’, बरोबर उलटा. हे आदल्या आठवड्यात दहा वेळा घोकून जा.

निकाल लागल्यावर महिन्याभराने ल्योंच्या त्याच बाईंचा फोन आला. नवा नंबर सांगत होत्या. ‘कात्र-व्हँ’ ऐकलं, पेन वर धरलं आणि वाट पाहिली. ‘दिस्सेत’. मी ९७ लिहिलं.