सेल फॅरेडे पिंजऱ्यात ठेवलाय, तरी रेघ दातेरीच?

व्होल्टॅमोग्रामची (व्होल्टेज बदलताना सेलमधला प्रवाह कसा बदलतो ते दाखवणाऱ्या आलेखाची) रेघ दातेरी येत असेल आणि प्रवाह नॅनोअँपिअरच्या घरात असेल, तर द्रावणावर शंका घेण्याआधी सेल (द्रावण आणि इलेक्ट्रोड असलेलं भांडं) फॅरेडे पिंजऱ्यात, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणाऱ्या धातूच्या आवरणात, ठेवून बघा. तयार महागडा पिंजराच हवा असं मला वाटत नाही. तांब्याची जाळी किंवा झाकण असलेला धातूचा डबाही उत्तम काम देतो.

मात्र नुसता डबा ठेवून भागत नाही. तो पोटेन्शिओस्टॅटच्या (सेलला व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाच्या) ग्राउंड टर्मिनलला जोडायचा, आणि तोही एकाच ठिकाणी. भिंतीतल्या अर्थिंगला आणखी एक तार दिली की ग्राउंड लूप (ग्राउंडच्या दोन वाटांमुळे तयार झालेला बंद वळसा) तयार होऊ शकतो आणि वीजपुरवठ्याचा 50 किंवा 60 हर्ट्‌झचा गोंगाट उलट वाढतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते झाकणाकडे. रंग दिलेला किंवा गंजलेला काठ वीज नीट वाहू देत नाही. तो घासून धातू उघडा करा, मग मल्टिमीटरने झाकण आणि डबा यांच्यातला रोध मोजा. तो जवळपास शून्य यायला हवा.

द्रावण ढवळणारा मॅग्नेटिक स्टरर आतच असेल तर मोजताना बंद ठेवा, कारण आतल्या गोंगाटावर पिंजऱ्याचा उपाय चालत नाही. चुंबकीय क्षेत्रही पातळ पत्र्याला जुमानत नाही: 50 हर्ट्‌झला तांब्याची स्किन डेप्थच (क्षेत्र धातूत साधारण जितकं खोल शिरतं ते अंतर) सुमारे 9 मिमी आहे. म्हणून पंप, ट्रान्सफॉर्मर लांब सरकवा, केबल आखूड ठेवा.

एवढं करूनही रेघ थरथरत असेल तर संदर्भ इलेक्ट्रोडची (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात त्या इलेक्ट्रोडची) फ्रिट, म्हणजे टोकाची सच्छिद्र चकती, तुंबली आहे का, तिथे बुडबुडा अडकलाय का, ते बघा.