गळ, घर आणि वंशावळ: तिन्हींची वर्षभराची वाटणी

ट्राउट, म्हणजे थंड पाण्याच्या नदीतला मासा, पहाटे आणि संध्याकाळी खाते. वंशावळीचे जुने कागद जिथे मिळतात तो तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष कामाच्या दिवशीच उघडतो. मुलांना सुट्टी असते ती रविवारी. हे तिन्ही एका आठवड्यात कोंबायला गेलात की घरात कुरबुर ठरलेली. म्हणून आठवडा वाटू नका, वर्ष वाटा. त्यासाठी फार डोकं चालवावं लागत नाही, नदीच ती वाटणी करून देते.

हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण तो अंडी घालण्याचा काळ. मेपासून बर्फाचं पाणी चढू लागतं, जुलै-ऑगस्टात पावसाने नदी गढूळ होते. फ्लाय फिशिंगला, म्हणजे फ्लाय नावाचा नकली किडा गळाला लावून केलेल्या मासेमारीला, खरे चांगले दिवस दोनदा येतात: मार्च ते मेची सुरुवात, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर. उरलेले सात-आठ महिने वंशावळीला मोकळे.

फसगत होते ती दिवाळीच्या सुट्टीत. तिकिटं काढण्याआधी तारीख बघा. २०२६ साली लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे शाळेला सुट्टी आणि ट्राउट बंद. अशा वर्षी दिवाळी गावी काढा, भावकी भेटते आणि कागदही. हिमाचल एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्या की लगेच.

पाच रात्री, तीन पहाटा

तीर्थन खोरं कुटुंबासाठी सोयीचं. मनालीच्या रस्त्यावर औटला वळायचं, पुढे बंजार आणि गुशैणी. राहण्याची ठिकाणं नदीला लागून आहेत, त्यामुळे मासेमारीसाठी वेगळा प्रवास नाही. मत्स्य विभागाचा परवाना पहिल्याच दिवशी काढा आणि किती मासे, किती लांबीचे, कोणत्या पट्ट्यात, या त्यावरच्या अटी नीट वाचा.

पाच रात्रींत तीन पहाटा तुमच्या, तेवढ्याच. साडेपाचला पाण्यावर, नऊला नाश्त्याच्या टेबलावर. "येतोच थोड्या वेळात" असं सांगून जाऊ नका. वेळ सांगा आणि मासा लागत असला तरी त्या वेळेला गुंडाळा. एकदा साडेदहा केलेत की उरलेल्या दोन पहाटांना कोणी हसून निरोप देणार नाही.

मुलांना काठावर नुसतं बसवलंत तर वीस मिनिटांत कंटाळतात. त्यांना काम द्या. घोट्याएवढ्या पाण्यातला नारळाएवढा दगड उचलायचा, उलटा करायचा आणि खाली कोणते पाणकिडे चिकटलेत ते बघायचं, कारण तेच ट्राउटचं खाणं. शेपटीला बहुधा तीन धागे असले तर ते मेफ्लायचं पिल्लू, दोन धागे आणि अंग जाडसर असलं तर स्टोनफ्लायचं. वाळूचे कण चिकटवून केलेली बारीक नळी दिसली तर आत कॅडिसची अळी. जे सापडेल त्याचा रंग आणि आकार बघून मुलानेच डबीतली फ्लाय निवडावी. दगड होता तसा परत ठेवायचा.

पाण्यात मोठ्यांनीही मांडीच्या वर उतरू नये. सकाळी ओलांडलेली जागा दुपारी बर्फाच्या पाण्याने ओलांडता येत नाही. तीर्थन लारजीपाशी बियासला मिळते. त्याच्या खाली धरणातून पाणी कधीही सुटतं. जून २०१४ मध्ये तिथे नदीत उतरलेले विद्यार्थी असेच वाहून गेले. धरणाखाली पाण्यात पाय घालायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

सामानाबद्दल थोडक्यात. नऊ फुटी ५ वेटचा रॉड (वेट म्हणजे रॉडला जुळणाऱ्या लाइनच्या वजनाचा आकडा), तरंगणारी ५ नंबरची लाइन, तिच्या टोकाला नऊ फुटी ४एक्स किंवा ५एक्स लीडर, म्हणजे निमुळता होत जाणारा पारदर्शक दोरा (एक्सचा आकडा वाढला की टोक बारीक). फ्लायमध्ये १४ आणि १६ नंबरच्या फेझंट टेल व हेअर्स इअर, गढूळ पाण्यासाठी ८ नंबरची काळी वुली बगर (नंबर मोठा तसा गळ लहान). गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. मासा सोडणं सोपं जातं आणि पोराच्या बोटात गळ घुसलाच तर सहज निघतो.

गच्चीवरचा सराव

वर्षातून दोनदाच नदी दिसणार असेल तर हात घरीच तयार करावा लागतो. सोसायटीच्या गच्चीवर किंवा मैदानात आठवड्यातून तीनदा, पंधरा मिनिटं. फ्लायच्या जागी दोन सेंटिमीटर लोकरीचा तुकडा बांधा आणि आठ-नऊ मीटर लाइन बाहेर काढा. त्यासाठी जुनी लाइन वापरा, सिमेंटवर घासून वेष्टण जातं.

सगळ्यात जास्त चुकतं ते मनगट. ते मागे मोडलं की रॉड आडवा होतो आणि लाइन पाठीमागे कठड्यावर आपटते. रॉडची मूठ आणि मनगट यांना मिळून एक जाड रबर बँड लावा. मनगट मोडलं की ताण लगेच जाणवतो. दुसरी चूक घाईची. लाइन मागे पुरती सरळ होण्याआधी पुढे ओढली की चाबकासारखा आवाज येतो, आणि नदीवर अशाने फ्लाय तुटून जाते. इथे घरच्यांची मदत घ्या. कोणी तरी बाजूला, लाइनच्या टप्प्याबाहेर उभं राहून लाइन सरळ झाली की "हां" म्हणायचं. पुढच्या फेकीत एकदम जोर लावला की लीडरला बारीक गाठी पडतात. अशी गाठ उकलत बसू नका. ती निम्मी ताकद खाते. कापा आणि नवीन बांधा.

वंशावळ: घरापासून सुरुवात

पहिलं काम कचेरीत नाही, आजीजवळ. फोनवर रेकॉर्डिंग लावा, समोर जुना अल्बम ठेवा, चाळीस मिनिटांत थांबा. "आपली वंशावळ सांग" म्हटलं की माणूस गप्प होतो. "या फोटोत तुझ्या शेजारी कोण?" म्हटलं की बोलतो. साल विचारू नका, खुणा द्या: पानशेतच्या आधी का नंतर (१२ जुलै १९६१), कोयनेच्या भूकंपाला बाळ केवढं होतं (११ डिसेंबर १९६७), बहात्तरच्या दुष्काळात घरात कोण कोण होतं.

पितृपक्ष सोडू नका. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा आणि आईकडच्याही तीन पिढ्यांची नावं घेतली जातात, बायकांसकट. कागदोपत्री बायका फारशा सापडत नाहीत, म्हणून ही यादी मोलाची. गुरुजींसमोरचा चिठोरा आठवणीने फोटो काढून ठेवा. अडचण एवढीच की पितृपक्ष बऱ्याचदा शरदातल्या ट्राउटच्या दिवसांवर येतो. अशा वेळी आधी श्राद्ध, मग तिकीट. मासे ऑक्टोबरअखेरपर्यंत आहेत.

मग सातबारा. त्यावरचे फेरफार, म्हणजे मालकीतल्या बदलांच्या नोंदींचे, क्रमांक उतरवून घ्या आणि एकेक फेरफार (गाव नमुना ६) मागे मागे काढत जा. माणूस गेला की वारसांची नोंद होते, त्यामुळे एका कागदात मृत्यूचा सुमार आणि मुलांची नावं मिळतात. वारस नोंदवही (६-क) वेगळी मागा. जन्म-मृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तिथे साखळी तुटते. दोन्ही जुळवणारा तक्ता भूमी अभिलेख कार्यालयात बघायला मागा.

काही अक्षरं ओळखीची करून घ्या. "बिन" किंवा "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" म्हणजे अमक्याची बायको. "अ.पा.क." (अज्ञान पालनकर्ता) दिसलं की वारस अज्ञान, म्हणजे अल्पवयीन आहे आणि पुढचं नाव पालनकर्त्याचं, ते वडिलांचं समजून भलतीच फांदी काढू नका. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तिथे एकाच भावाचं नाव असतं, बाकीचे भाऊ वाटणीच्या फेरफारात सापडतात.

शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असली तर ती मास्तरांनी लावलेली समजा. वर्षही वर-खाली असू शकतं. इसवी साल काढायला शके सालात ७८ मिळवा, १ जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या नोंदीत ७९. आणि नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याच्या रिवाजाने गणेश रामचंद्र, रामचंद्र गणेश, पुन्हा गणेश रामचंद्र अशी माळ लागते. दोन गणेश एकच समजले गेले तर दोन पिढ्या गळतात. प्रत्येकापुढे बायकोचं नाव आणि मृत्यूचं साल लिहा, ते नसेल तर नाव पेन्सिलीनेच ठेवा.

नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदवह्या ठेवणाऱ्या गुरुजींकडे, जाताना मूळ गाव, आडनाव आणि ठाऊक असलेलं सगळ्यात जुनं नाव घेऊन जा. कुलकर्णी, पाटील, देशपांडे ही वतनाची, गावोगाव आढळणारी आडनावं असल्याने गावाशिवाय वही सापडत नाही. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात, तेव्हा परवानगी घेऊन सावली न पाडता फोटो काढा आणि वाचून घेण्याचं काम घरी करा. घरच्यांना बरोबर न्या, कारण शेवटी त्याच वहीत तुम्हालाही नोंद करायची असते. मुलांना आपलं नाव स्वतः लिहू द्या, आणि लेकींची नावं विचारली नाहीत तरी सांगून घाला.

हिमाचलच्या वाटेवर हरिद्वारचा फाटा मात्र घेऊ नका. तिथेही अशा वह्या असतात, पण पूर्वज तिथे गेल्याचा घरात काही पुरावा असेल तरच जा, आणि तेही डिसेंबरात, रॉड घरी ठेवून.