गोधडीला मधे झोळ पडू नये म्हणून
आत जुन्या, धुऊन मऊ पडलेल्या सुती साड्याच घ्या, ३-४ थर पुरे. नायलॉनची साडी आत सरकते आणि धुतल्यावर गोळा होते. वरचं कापड नवं असेल तर आधी भिजवून वाळवा. नाहीतर नंतर तेच आटतं आणि गोधडी आक्रसते.

थर फरशीवर ताणून पसरा, कडांवर वजन ठेवा. मध्यापासून कडेकडे, वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घाला. हे टाळलं की झोळ आलाच! मग कडेपासून गोल गोल आत धावदोरा, दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा हातभरच घ्या, लांब दोरा पीळ खाऊन गुंततो. कच्चे टाके अगदी शेवटी उसवा.