ठेक्यावर पडणारी पावले : चालण्याची गती कशी ठरवावी

भरभर चालावे, असा सल्ला सर्वांनाच मिळतो. मात्र भरभर म्हणजे नेमके किती, हे सहसा कोणी सांगत नाही. प्रौढांच्या चालण्याच्या अभ्यासांतून पुढे आलेला ढोबळ हिशेब असा, की मिनिटाला सुमारे १०० पावले पडू लागली की चालणे मध्यम श्रमाचे होते आणि १३० च्या आसपास ते जोरकस होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सुचवले आहेत. एवढा वेळ पावले मोजत राहणे कोणालाही शक्य नसल्यामुळे ते काम ठेक्यावर सोपवणे उत्तम, कारण ऐकू येणाऱ्या नियमित आघाताशी पाऊल जुळवून घेण्याची ओढ माणसात मुळातच असते. टाळ-मृदंगाच्या साथीने पंढरीची वाट चालणाऱ्या दिंडीत ती स्पष्ट दिसते.

प्रथम संगीताविना, नेहमीच्या चालीने चालावे, अर्ध्या मिनिटात पडलेली पावले मोजावीत आणि त्यांची दुप्पट करावी. हा आकडा ९० आला, तर सुरुवात ९० नेच करावी. पहिल्याच दिवशी ११० चा ठेका लावला, तर पाय ओढले जातात, दम लागतो आणि उत्साह मावळतो. आठवडाभराने, सहज जमत असेल तरच, पाचाने गती वाढवावी. गती वाढवताना टांग लांब टाकू नये. पावले जवळजवळ आणि लवकर पडू द्यावीत, म्हणजे गुडघ्यांवर ताण कमी येतो.

मोबाइलवरील तबल्याच्या ॲपमध्ये लय आकड्याने ठरवता येते, म्हणून गाण्यांपेक्षा ते मला अधिक सोयीचे वाटते. एका मात्रेला, म्हणजे तालातील एका मोजणीला, एक पाऊल ठेवावे. आठ मात्रांचा केरवा ताल नवशिक्यांसाठी सर्वांत सोपा, कारण सम (तालाची पहिली मात्रा) डाव्या पायावर धरली, तर पाचव्या मात्रेवरची काल (टाळीविना, रिकामी दाखवली जाणारी मात्रा) हीही डाव्याच पायावर येते आणि चूक झाल्यास लगेच कळते. सहा मात्रांच्या दादऱ्यात सम डाव्यावर, तर चौथ्या मात्रेवरची काल उजव्यावर पडते. दोन्ही पायांना आलटून पालटून वजन मिळण्याचा हा आनंद अवश्य घेऊन पाहावा. सात मात्रांच्या रूपकात तर प्रत्येक आवर्तन (तालाची एक फेरी) वेगळ्या पायाने सुरू होते, परंतु त्यासाठी कान तयार हवा. आवडते गाणेच हवे असल्यास त्यावर १५ सेकंद टाळी वाजवून आघात मोजावेत आणि चारने गुणावे. उत्तर ५६ आले, तर एका आघाताला दोन पावले टाकल्यास ११२ ची गती मिळते.

पहिली पाच आणि शेवटची पाच मिनिटे ठेका दहा-पंधराने उतरवावा. मध्ये चालताना बोलता येते परंतु गाता येत नाही, अशी अवस्था असेल तर गती योग्य आहे. बोलतानाही धाप लागली, तर आकडा काहीही असो, लय कमी करावी. रहदारीच्या रस्त्यावर दोन्ही कान बंद करू नयेत. हृदयविकार असलेल्यांनी गती डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. पार्किन्सनच्या रुग्णांच्या चालण्यासाठीही ठेक्याचा उपयोग केला जातो, मात्र तोल जाण्याची शक्यता असल्याने त्यांनी तो फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच सुरू करावा.